टाइमलाइनवरून फक्त आवाज बाहेर काढताना नेमकं काय निवडायचं?

टाचणी | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गेले चार महिने मी माझ्या आजोबांची मुलाखत एडिट करतेय. दोन कॅमेरे, एक कॉलर माइक, सगळं मिळून साडेसहा तासांचं चित्रीकरण. त्यातून एक तास बेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ झालाय. चित्राचं काम संपलं, आता एकही कट हलणार नाही. राहिलाय तो आवाज. पूर्ण मुलाखतभर मागे पंख्याची घरघर आहे. ती काढून द्यायला ओळखीतले एक साउंडवाले दादा तयार झाले. त्यांचा निरोप एवढाच: "मला फक्त ऑडिओ पाठव."

मी एक्सपोर्टच्या खिडकीत व्हिडिओची खूण काढली, फाइल लहान व्हावी म्हणून एएसी निवडलं आणि पाठवून दिलं. दादांनी साफ करून त्याच फॉरमॅटमध्ये परत पाठवलं. काम सुंदर केलंय. आजोबा एखादी आठवण सांगता सांगता थांबतात, श्वास घेतात, तो श्वाससुद्धा आता ऐकू येतो.

पण तो आवाज टाइमलाइनवर ठेवला की ओठांशी जुळत नाही. फार नाही, पण 'प' किंवा 'म' म्हणताना ओठ मिटलेले दिसतात आणि शब्द मागून येतो. चार महिने हाच चेहरा बघतेय, त्यामुळे मला ते फार खटकतं.

चूक माझ्या एक्सपोर्टमध्ये झाली का? काय निवडायला हवं होतं? सगळा आवाज एकत्र पाठवायचा की ट्रॅक वेगवेगळे? शिवाय घरातल्या मोठ्या मंडळींना व्हिडिओ नकोच आहे, फोनवर नुसतं ऐकायचंय. त्यांना कुठली फाइल द्यायची? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

उनाडवारा | शनिवार, रात्री १०:३१

एवढी कटकट कशाला? पूर्ण व्हिडिओ रेंडर करा, एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवा आणि एमपी३ उतरवून घ्या. मी कायम असंच करतो.

कोरा_कागद | शनिवार, रात्री १०:५०

उनाडवारा, एखादी क्लिप मित्राला पाठवायची तर ठीक आहे, पण टाचणीताईंच्या कामाला हा रस्ता चालणार नाही. व्हिडिओ रेंडर करताना आवाज एकदा दाबला जातो. कन्व्हर्टर तो उलगडून पुन्हा दाबतो. मग साउंडवाला साफ करतो आणि शेवटच्या रेंडरमध्ये तिसऱ्यांदा दाबला जातो. दर वेळी थोडं काहीतरी गळतं आणि गेलेलं परत येत नाही. 'स', 'श', 'च' या अक्षरांवर ते आधी कळतं, पाण्यातून बोलल्यासारखी सळसळ येते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आजोबा दीड तास घरातलं बोललेत. ते अनोळखी सर्व्हरवर का चढवायचं? हे काम आपल्याच संगणकावर दोन मिनिटांत होतं.

अनुस्वार | शनिवार, रात्री १०:५५

आमच्याकडे 'आवाज काढायचा' म्हटलं की पहिला मान धाकट्याचा. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. :)

खर्जातला | शनिवार, रात्री ११:२०

टाचणी, उत्तर देण्याआधी दोन गोष्टी तपासून सांग. आवाज सुरुवातीला जितका मागे आहे तितकाच शेवटीही आहे, की पुढे पुढे वाढत जातो? आणि किती फ्रेम मागे आहे? 'साधारण' नको, मोजून सांग. चित्रीकरणाआधी टाळी वाजवली असेल तर ती शोध. जुना आवाज वरच्या ट्रॅकवर आणि नवा खालच्या ट्रॅकवर ठेव, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा कर आणि टाळीच्या टोकांमधलं अंतर बघ.

फरक सगळीकडे सारखा असेल तर दुखणं एक, वाढत जात असेल तर दुसरंच. औषधही वेगळं.

उनाडवारा | शनिवार, रात्री ११:२८

कोरा_कागद, सर्व्हरचा मुद्दा मान्य. तसा विचार केला नव्हता.

शेवरी | रविवार, सकाळी ७:४५

मला कुणीतरी सांगितलं होतं की फाइलच्या नावातलं शेवटचं एमपी४ खोडून एमपी३ लिहिलं की झालं. खरंच होतं का तसं? माझ्या फोनवर तर वाजली होती.

कोरा_कागद | रविवार, सकाळी ८:१०

नाही हो शेवरीताई. डब्यावरची चिठ्ठी बदलली तरी डब्यात तेच राहतं. तुमच्या प्लेअरने चिठ्ठीकडे न बघता आत डोकावलं, व्हिडिओची फाइल ओळखली आणि तिच्यातला आवाज वाजवला, एवढंच. फाइलमध्ये चित्र आहे तसंच आहे आणि आकारही तेवढाच आहे. दुसऱ्या एखाद्या यंत्रावर ती उघडणारही नाही.

टाचणी | रविवार, सकाळी ९:०५

खर्जातला दादा, मोजलं. टाळी वाजवली होती, चुलतभावाचे हात दिसतात. टाइमलाइन २५ फ्रेमची आहे. तळहात एकमेकांना चिकटतात त्या फ्रेमवर जुन्या आवाजाचं टोक बरोबर बसतं. नव्या आवाजाचं टोक दोन फ्रेम उशिरा येतं, किंचित जास्तच, म्हणजे तिसरी फ्रेम नुकती सुरू झालीय.

शेवटी टाळी नाही, पण आजोबा चष्म्याची डबी बंद करतात, तिचा 'टक्' आवाज आहे. तिथेही तेवढाच फरक. दोन फ्रेम आणि वर थोडं.

दुसरी_घंटा | रविवार, सकाळी ९:४०

माझं मत जरा वेगळं आहे. दोन फ्रेम म्हणजे ८० मिलिसेकंद. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत मर्यादा दिलेल्या आहेत: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला तर लोकांच्या लक्षात येऊ लागतं. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण रोजच्या जगात आवाज प्रकाशाच्या मागूनच येतो. तुमचा फरक त्या मर्यादेच्या आत आहे. बघणाऱ्यांपैकी कुणालाही कळणार नाही. रात्रंदिवस तेच बघून तुमची नजर तयार झालीय म्हणून तुम्हाला दिसतंय.

खर्जातला | रविवार, सकाळी १०:३०

दुसरी_घंटा, आकडे बरोबर आहेत, पण ती मर्यादा घरी बसलेल्या प्रेक्षकापर्यंतच्या सगळ्या प्रवासासाठी धरायची असते. आपण टेबलावरच ८० खर्चून टाकले, पुढे बिनतारी हेडफोनने १०० घातले, टीव्हीने आणखी थोडे घातले, की गेलं मर्यादेच्या बाहेर. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ८८ मिलिसेकंद म्हणजे जवळपास ३० मीटर. आजोबा कॅमेऱ्यासमोर हातभर अंतरावर बसलेत आणि आवाज मैदानाच्या पलीकडून यावा, असं का ठेवायचं? दुरुस्त करणं हातात आहे तर करावं.

टाचणी, मोजणी उत्तम केलीस. फरक शेवटपर्यंत सारखा आहे, म्हणजे सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं (सॅम्पल) घेतली त्या आकड्याचा, घोळ नाही. ४८ किलोहर्ट्झचा आवाज कुणी ४४.१ समजून वाजवला असता तर तो खर्जात गेला असता आणि तुझी एक तास बेचाळीस मिनिटांची मुलाखत एक तास एक्कावन्न मिनिटांची झाली असती. तसं काही झालेलं नाही.

मग ८८ हा आकडा मी कुठून आणला? एएसी काय किंवा एमपी३ काय, आवाजाचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडून ते दाबतात. एएसीत एक तुकडा १०२४ सॅम्पलचा असतो. शेजारशेजारचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे पहिला तुकडा नीट उलगडायचा तर त्याच्याआधी काहीतरी असावं लागतं. म्हणून एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता भरतो. एएसीत ही भर बऱ्याचदा २११२ सॅम्पलची असते. ४८,००० ला २११२ म्हणजे ४४ मिलिसेकंद. तुझ्या २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे एकदा एएसी केलं की एक फ्रेम आणि वर थोडं. तू पाठवताना एकदा केलंस, दादांनी परत पाठवताना दुसऱ्यांदा. ४४ दुणे ८८. दोन फ्रेम आणि तिसरीचं तोंड, तू मोजलंस तेवढंच.

किती शांतता भरली याची नोंद फाइलमध्ये करता येते. ती वाचून काही सॉफ्टवेअर तेवढा भाग गाळतात, काही गाळत नाहीत. म्हणून कुणाकडे जुळतं आणि कुणाकडे जुळत नाही. एमपी३चीही तीच गत, आकडे वेगळे.

आता औषध. कामाचा आवाज देताघेताना कायम वेव्ह. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, न दाबलेला. वेव्हमध्ये सॅम्पल ओळीने मांडलेले असतात. पुढे भर नाही, मागे भर नाही, पहिला सॅम्पल तो पहिलाच. तू पाठवलेली आणि परत आलेली फाइल सॅम्पलला सॅम्पल जुळायला हवी. दादांनाही सांग, वेव्हच परत द्या.

आणि तुझी आताची साफ झालेली फाइल नुसती दोन फ्रेम अलीकडे सरकवून काम भागवू नकोस. ती दोनदा दाबलेली आहे. मूळ टाइमलाइन जागेवर आहे, वेव्ह काढ आणि दादांना पुन्हा एकदा विनंती कर. पंख्याची घरघर ओळखणाऱ्या सेटिंग त्यांनी ठेवलेल्या असतील, दुसऱ्यांदा वेळ कमी लागेल.

टाचणी | रविवार, सकाळी १०:५२

दादा, चार महिन्यांत पहिल्यांदा हिशेब लागला. खूप खूप आभार. आज संध्याकाळी वेव्ह काढते. फाइल किती मोठी होईल?

आडवाटेने | रविवार, सकाळी ११:०८

गणित सोपं आहे. ४८,००० सॅम्पल, प्रत्येकाचे ३ बाइट, दोन चॅनल: सेकंदाला २,८८,००० बाइट. मिनिटाला सव्वासतरा एमबी. तुमच्या १०२ मिनिटांचे साधारण १.७६ जीबी. बोलणं एकाच माइकवरचं असेल आणि मोनो काढलंत तर त्याच्या निम्मे.

मोठं काम करणाऱ्यांसाठी: जुन्या पद्धतीच्या वेव्हमध्ये लांबी लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे, म्हणून ती ४ जीबीच्या पुढे जात नाही. २४ बिट स्टिरिओत ही मर्यादा चार तास आठ मिनिटांच्या आसपास लागते. त्याहून लांब रेकॉर्डिंग असेल तर आरएफ६४ नावाचा मोठा भाऊ आहे किंवा दोन भाग करावेत.

बिनतारी | रविवार, दुपारी १२:१५

मी जरा विरोधात बोलतो. ३२०ची (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ आणि वेव्ह यांत बोलण्याच्या आवाजात फरक सांगून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पावणेदोन जीबी कशाला पाठवायचे? इंटरनेट सगळ्यांकडे सारखं नसतं.

खर्जातला | रविवार, दुपारी १:००

ऐकायला फरक कळणार नाही, मान्य. पण दादा ती फाइल ऐकून सोडून देणार नाहीत, तिच्यावर शस्त्रक्रिया करणार आहेत. एमपी३ आणि एएसी कानाला न कळणारे भाग वगळून जागा वाचवतात. मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज ते सोडून देतात. साफसफाईत वरचा थर काढला की खालचं उघडं पडतं आणि तिथे भोकं दिसतात. घरघर काढल्यावर जी किणकिण उरते, ती पुष्कळदा यामुळेच.

इंटरनेटचा मुद्दा मात्र खरा आहे. त्याला एफएलएसी वापर. २००१ पासून आहे. दाबतो, पण एकही सॅम्पल न गमावता. उलगडला की मूळ वेव्ह जशीच्या तशी. बोलण्याच्या आवाजात फाइल सहज निम्म्याच्या आसपास येते.

बिनतारी | रविवार, दुपारी १:१०

झाकलेल्या थराची गोष्ट पटली. एफएलएसी करून बघतो.

कात्री_आणि_डिंक | रविवार, दुपारी २:३०

रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांसाठी लिहितो. 'डिलिव्हर' पानावर वरच्या तयार पर्यायांत 'ऑडिओ ओन्ली' आहे, तो घ्या. किंवा व्हिडिओच्या टॅबमध्ये 'एक्सपोर्ट व्हिडिओ'ची खूण काढा. ऑडिओच्या टॅबमध्ये फॉरमॅट वेव्ह, कोडेक लिनियर पीसीएम, बिट डेप्थ २४. खाली कुठली बस (अनेक ट्रॅक एकत्र केलेला आवाज) किंवा कुठला ट्रॅक न्यायचा ते निवडता येतं. वर 'सिंगल क्लिप' आहे का हे आठवणीने बघा. 'इंडिव्हिज्युअल क्लिप्स' राहिलं तर प्रत्येक कटाची वेगळी फाइल पडते. मी एकदा ४१२ तुकड्यांचं फोल्डर मिळवलं होतं.

प्रीमियरमध्ये एक्सपोर्टला फॉरमॅट 'वेव्हफॉर्म ऑडिओ' निवडायचा. फायनल कटमध्ये शेअर करताना फॉरमॅट 'ऑडिओ ओन्ली'. त्याची 'रोल्स'ची सोय मला सगळ्यांत आवडते. एडिट करतानाच प्रत्येक क्लिपला संवाद, संगीत, इफेक्ट अशी भूमिका दिली असेल तर एका फटक्यात तिन्हींच्या वेगळ्या फाइल निघतात.

कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पाळायची गोष्ट म्हणजे इन आणि आउटच्या खुणा. एकदा माझ्या टाइमलाइनच्या पार शेवटी, तीन तासांवर, अर्ध्या सेकंदाचा एक तुकडा पडून राहिला होता. दिसतही नव्हता. वीस मिनिटांच्या कार्यक्रमाची फाइल तीन तासांची झाली आणि साउंडवाल्याने फोन केला, "पुढचं रेकॉर्डिंग आलंच नाही का?" तेव्हापासून टाइमलाइन पूर्ण लहान करून एका नजरेत बघितल्याशिवाय मी एक्सपोर्टला हात लावत नाही.

आडवाटेने | रविवार, दुपारी ३:०५

फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी निराश होऊ नये. केडेनलाइव्ह आणि शॉटकट दोन्हींत रेंडरच्या तयार पर्यायांमध्ये फक्त आवाजाचे पर्याय आहेत, वेव्ह आणि एफएलएसीसकट.

एडिट न केलेल्या मूळ फाइलमधला आवाज हवा असेल तर एफएफएमपेग वापरा. त्याला 'चित्र सोड आणि आवाज आहे तसा कॉपी कर' अशी आज्ञा देता येते. तो आवाज उलगडत नाही, पुन्हा दाबत नाही, एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात ठेवतो. तासाभराच्या व्हिडिओला काही सेकंद लागतात आणि दर्जा तसूभरही बदलत नाही. फोनवरच्या व्हिडिओत बहुधा एएसी असतो, त्यामुळे नवी फाइल एम४ए नावाने ठेवा. वर उनाडवारा यांनी कन्व्हर्टरवर करायला सांगितलेलं काम याने घरच्या घरी होतं.

मंद्र | रविवार, दुपारी ४:२०

अवांतर विचारू का? हे ४८ आणि ४४.१ दोन वेगळे आकडे आलेच कुठून? ४४.१ इतका विचित्र आकडा कुणाला सुचला असेल?

खर्जातला | रविवार, दुपारी ४:५०

अवांतर कसलं, हा तर व्हिडिओचाच वारसा आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी आणि ८०च्या सुरुवातीला एवढा डिजिटल आवाज साठवायला स्वस्त जागा नव्हती. तेव्हा ही मंडळी तो व्हिडिओच्या टेपवर साठवत. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र करायचं आणि तेच चित्र म्हणून रेकॉर्ड करायचं. प्रत्येक ओळीत ३ सॅम्पल बसत. ज्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) होती तिथे फील्डमागे २४५ ओळी वापरल्या: ३ गुणिले २४५ गुणिले ६०, म्हणजे ४४,१००. जिथे ५० फील्ड होती तिथे २९४ ओळी: ३ गुणिले २९४ गुणिले ५०, पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे चालणारा आकडा मिळाला, १९८२मध्ये सीडी आली ती तोच घेऊन, आणि मग संगीताच्या जगात तो मुरला.

४८ चं व्हिडिओशी छान जमतं. ४८,००० ला २४, २५, ३० कशानेही भागा, नि:शेष भाग जातो. २५ फ्रेमला एका फ्रेममध्ये बरोबर १९२० सॅम्पल. म्हणून व्हिडिओचं काम ४८ वर. फायनल व्हिडिओसाठीचा आवाज मध्येच ४४.१ वर नेऊ नये.

मंद्र | रविवार, दुपारी ४:५८

वा! आवाजाचा आकडा चित्राच्या ओळींवरून ठरला. इतकी वर्षं वापरतोय, आज कळलं. वाचनखूण साठवली.

दुसरी_घंटा | रविवार, सायंकाळी ६:१५

टाचणीताई, तुमचा ट्रॅकचा प्रश्न राहिलाच. माझ्या मते वेगवेगळे द्या. कॉलर माइक एक फाइल, कॅमेऱ्याचा आवाज दुसरी, संगीत असेल तर तिसरी. घरघर काढताना संगीत त्यात मिसळलेलं असेल तर त्याचाही जीव जातो. बाकीचे ट्रॅक म्यूट करून एकेक काढा, पण सगळ्यांची सुरुवात टाइमलाइनच्या एकाच बिंदूपासून हवी. कॉलर माइक तिसऱ्या मिनिटाला सुरू होत असेल तरी आधीची तीन मिनिटं शांतता राहू द्या. मग कुणीही, कुठेही, शून्यावर ठेवलं की सगळं जागेवर बसतं.

एएएफ नावाची सोय आहे, तिच्यात कट आणि मागेपुढे लपलेला जादा आवाज, ज्याला हँडल म्हणतात, तोही जातो. तशाच कामाची जुनी ओएमएफ २ जीबीला अडते. पण एका मुलाखतीसाठी वेव्ह पुरेशा आहेत.

कात्री_आणि_डिंक | रविवार, सायंकाळी ६:४०

अनुमोदन. आणि टू-पॉप टाका. चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर १ किलोहर्ट्झचा 'टुक्'. चित्राच्या शेवटानंतर दोन सेकंदांनी तसाच आणखी एक. परत आलेल्या फाइलमधले दोन्ही टुक् जागेवर बसले की मधलं सगळं बसलंच. तुम्ही डबीच्या 'टक्'वरून जे शोधलंत, तेच हे, फक्त ठरवून.

शेवरी | रविवार, रात्री ८:१०

डबीचा टक् वाचून फार बरं वाटलं. तो आवाज काढून टाकू नका हं.

खर्जातला | रविवार, रात्री ९:००

एक अनुभव सांगतो. टाचणी, तुझ्या कामातही हे तपास.

एकदा एका व्याख्यानाचा आवाज माझ्याकडे आला. हेडफोनवर शब्द स्पष्ट, पण विचित्र, माणूस समोर नसून डोक्याच्या मागे कुठेतरी बोलतोय असं वाटायचं. वेळ कमी होता, मी कामाला लागलो आणि फाइल दिली. दुसऱ्या दिवशी निरोप: "फोनवर बोलणं येतच नाही, नुसतं संगीत वाजतंय." मी फोनवर लावलं. खरंच, व्याख्याता गायब. मागची बासरी मात्र स्वच्छ.

झालं होतं असं. बॅलन्स्ड माइक साध्या जोडणीने कॅमेऱ्याच्या स्टिरिओ खाचेत लावला होता. तशा जोडणीत एकच आवाज डावीकडे सुलटा आणि उजवीकडे उलटा नोंदवला जातो. हेडफोनवर दोन कानांना दोन वेगळे मिळतात म्हणून ऐकू येतं. फोनच्या एकाच स्पीकरवर दोघांची बेरीज होते आणि उत्तर शून्य. उपाय सोपा: एकच चॅनल घ्यायचा आणि दोन्हीकडे भरायचा. पण ते एक्सपोर्टच्या आधी कळायला हवं. म्हणून कुठलीही फाइल बाहेर द्यायच्या आधी एकदा मोनो करून ऐक.

टाचणी | रविवार, रात्री ९:२५

लगेच मोनो करून ऐकलं, शब्द आहेत जागेवर. पण कॉलर माइक फक्त डाव्या कानात आहे हे आज कळलं. मी आजवर स्पीकरवरच ऐकत होते.

खर्जातला | रविवार, रात्री ९:३२

बरं झालं सापडलं. तो मोनोच काढ. अर्धी जागा वाचेल आणि दादांनाही एकच चॅनल साफ करावा लागेल. टाइमलाइनवर ठेवताना मधोमध ठेव.

अनुस्वार | सोमवार, सकाळी ८:३०

आता थोडं गंभीर. घरच्यांसाठीच्या फाइलचं कुणीच सांगितलं नाही. मी माझ्या मावशीच्या मुलाखतीचं केलं होतं. तिथे वेव्हचा हट्ट नको. अंतिम, साफ झालेल्या वेव्हमधून एमपी३ करा. फक्त बोलणं असेल तर मोनो ६४ पुरतो, तुमची पूर्ण मुलाखत ५० एमबीच्या आत बसेल. मध्ये संगीत असेल तर स्टिरिओ १२८. जुन्या-नव्या सगळ्या फोनवर वाजते. इथे सुरुवातीच्या शांततेचा त्रास नाही, जुळवायला चित्रच नाही.

पण आवाजाची पातळी नीट ठेवा. म्हातारी माणसं फोन पूर्ण मोठा करून ऐकतात. पॉडकास्टसाठी साधारण उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) धरतात, टोकं उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देत नाहीत. टीव्हीचं युरोपातलं प्रमाण उणे २३ आहे, त्या पातळीवर दिलंत तर "आवाज फार बारीक आहे" म्हणून फोन येतील. माझ्याकडे सात आले होते.

आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी विषय बदलत असेल तर वेगळे भाग करून द्या. मावशीची मुलाखत एकसंध दिली तेव्हा कुणी पूर्ण ऐकली नाही. नऊ तुकडे करून 'शाळा', 'पहिली नोकरी' अशी नावं दिल्यावर सगळ्यांनी ऐकली.

टाचणी | शुक्रवार, रात्री ११:०५

मंडळी, काम झालं. तपशील लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

कॉलर माइक मोनो, ४८ आणि २४ वर, टाइमलाइनच्या शून्यापासून, दोन्ही टोकांना टुक्. संगीताची वेगळी फाइल. दादांनी न कुरकुरता पुन्हा साफ केलं आणि वेव्हच परत दिली. दोन्ही टुक् सॅम्पलवर बसले. चुलतभावाची टाळी, डबीचा टक्, सगळं जागेवर.

मध्ये एक दिवस गोंधळ झाला. नवा आवाज लावल्यावर आजोबा विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू यायला लागले. मला वाटलं साफसफाईत बिघडलं.

कात्री_आणि_डिंक | शुक्रवार, रात्री ११:१५

कॅमेऱ्याचा ट्रॅक खाली उघडाच राहिला असणार!

टाचणी | शुक्रवार, रात्री ११:२१

हो, तोच. दुसऱ्या कॅमेऱ्याचा. तो म्यूट केला आणि विहीर गेली.

भागांची कल्पना पण घेतली, अनुस्वार. अकरा भाग झाले, मोनो ६४, सगळ्यांना पाठवले. मूळ वेव्ह दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्यात.

काल आजोबांना हेडफोन लावून पहिला भाग ऐकवला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. हेडफोन काढून मला विचारलं, "त्या दिवशी पंखा चालू होता ना गं?"